संवादफलकावर शब्द कसे मांडावेत: 'मला', 'नको' आणि त्यांच्या मागून येणारे शब्द

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ कळेल. संवादफलक म्हणजे बोलता न येणाऱ्या मुलाने बोट लावून बोलण्यासाठी केलेला चित्रांचा आणि शब्दांचा तक्ता. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर त्याचा नीट ताबा राहत नाही. घरात बोललेले सगळे त्याला समजते, पण तोंडातून मोजकेच आवाज निघतात. उजवा हात त्याला हवा त्या दिशेने नेता येतो, मात्र हात सारखा हलत असल्यामुळे नेमक्या जागी बोट टेकवणे अवघड जाते. तुम्ही त्याच्यासाठी ७२ चित्रांची वही केली आहे. फळे, भाज्या, प्राणी, वाहने, घरातल्या वस्तू अशी तिची पाने आहेत, आणि टॅबलेटवर एक ॲपही आहे. दोन वर्षे झाली तरी तो पाणी, बिस्किट आणि गाडी यांपलीकडे काही सांगत नाही. एका थेरपिस्टने शब्द गटांनुसार ठेवायला सांगितले, दुसऱ्यांनी रंगीत रकाने करायला सांगितले आणि ॲपमध्ये तिसरीच मांडणी आहे. यांतली कोणती धरावी, असे तुम्ही विचारले आहे.

या तिन्ही मांडण्यांना आपापली जागा आहे, पण तुमच्या मुलाच्या बाबतीत त्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली म्हणजे वाक्य चालवणारे वीस-पंचवीस शब्द एका मुख्य पानावर, मराठी वाक्याच्या क्रमाने आणि कायमच्या जागी बसवणे. दुसरी म्हणजे वस्तूंची सगळी नावे त्या पानावरून काढून मागच्या पानांवर नेणे, आणि ती पाने फळे, प्राणी अशा तक्त्यांप्रमाणे न करता त्याच्या दिवसातल्या प्रसंगांप्रमाणे करणे. हे का आणि कसे करायचे, ते आता सविस्तर लिहिते.

वही उघडून एक प्रयोग करून पाहा. सकाळची वेळ आहे, आजींनी दूधभात कालवून आणला आहे आणि त्याला तो नको आहे, कारण भात फार गरम आहे. हे त्याने या वहीतून कसे सांगायचे? वहीत भात आहे, दूध आहे, वाटी आहे, चमचाही आहे. 'नको' नाही, 'गरम' नाही, 'थांब' नाही. मग तो मान फिरवतो, आपण चमचा तोंडाशी नेतो, तो हाताने उडवतो, आणि घरात सगळे म्हणतात की हा हट्टी झाला आहे. आपल्याकडे बहुतेक पालक सुरुवात स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे फळाफुलांचे आणि प्राण्यांचे तक्ते कापून करतात, त्यामुळे मुलाच्या वाट्याला 'अननस' आणि 'सिंह' येतात, 'परत' आणि 'पुरे' येत नाहीत. यात तुमची चूक मुळीच नाही. नामांची चित्रे सहज मिळतात आणि 'परत'चे चित्र कुठेच मिळत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. पण नावांनी फक्त वस्तू मागता येतात. नाकारणे, थांबवणे, विचारणे, तक्रार करणे, दुसऱ्याला काही करायला लावणे, हे सगळे इतर शब्दांनी होते.

इंग्रजीत झालेल्या अभ्यासांत असे दिसून आले आहे की रोजच्या बोलण्याचा सुमारे ८० टक्के भाग दोन-चारशे शब्दांतच आटोपतो, आणि ते बहुतेक सर्वनामे, क्रियापदे, प्रश्नशब्द आणि 'आणखी', 'इथे' यांसारखे लहान शब्द असतात. या शब्दांना आम्ही गाभ्याचे शब्द म्हणतो. तत्त्व आपल्यालाही लागू आहे, पण ती इंग्रजी यादी भाषांतर करून वापरू नये, आणि या बाबतीत मी आग्रही आहे. इंग्रजीत जे शब्द सुटे असतात त्यांतले कितीतरी मराठीत प्रत्यय होऊन नामाला चिकटतात. 'शाळेत', 'टेबलावर', 'बाबांना' यांतले 'त', 'वर', 'ना' असे वेगळ्या चौकोनात ठेवून सहा वर्षांच्या मुलाला काहीही मिळत नाही. उलट मराठी मुलाच्या तोंडी दिवसभर असणारे काही शब्द त्या यादीत येतच नाहीत.

त्यांतला पहिला शब्द 'मला'. एखादे चार वर्षांचे मूल अर्धा तास ऐका. मला हवंय, मला भूक लागली, मला आवडतं, मला येतं, मला दिसत नाही, मला भीती वाटते, मला सांग. 'मी'पेक्षा 'मला' कितीतरी जास्त वेळा येतो, कारण इच्छा, भावना, शरीराच्या जाणिवा आणि जमणे-न जमणे हे सगळे मराठीत 'मला'नेच सुरू होते. तरीही पुष्कळ फलकांवर पहिल्या चौकोनात 'मी' असतो आणि 'मला' कुठेच नसतो. मग मूल 'मी', 'पाणी' अशी बोटे लावते आणि आपण त्याला वाक्य येत नाही असे म्हणतो. 'मी' अवश्य ठेवा, पण डावीकडचा पहिला चौकोन 'मला'चा असू द्या.

दुसरा शब्द 'नको'. मराठीत नकाराचे दोन मुख्य शब्द आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. 'नको' म्हणजे माझी इच्छा नाही किंवा तू करू नकोस. 'नाही' म्हणजे ती गोष्ट तशी नाही. परदेशी रचनेवरून केलेल्या ॲपमध्ये नकाराचे एकच बटण असते आणि त्यावर 'नाही' छापलेले असते. जेवताना आईने वाढायला घेतले आणि मुलाने 'नाही' दाबले, तर घरचे माणूस क्षणभर थबकते, काय नाही, असे विचारते. 'नको' ऐकले की वाढणाऱ्या हातातला डाव तिथेच थांबतो. मुलाला शब्दाची ताकद कळते ती अशा क्षणी, म्हणून हे दोन शब्द दोन स्वतंत्र चौकोनांत हवेत.

क्रियापदांचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण मराठी क्रियापद व्यक्ती, लिंग, वचन आणि काळ यांनुसार बदलते. कोणते रूप चौकोनात ठेवायचे? ॲपमध्ये बहुधा शब्दकोशातले रूप असते: खाणे, जाणे, खेळणे. 'मला खाणे' असे मराठीत कोणीही बोलत नाही. माझा अनुभव असा आहे की मुलाच्या स्वतःच्या कृतींसाठी 'जायचं', 'खायचं', 'खेळायचं', 'करायचं' हे रूप सर्वांत उपयोगी पडते. ते मुलगा-मुलगी दोघांनाही चालते, 'मला' आणि 'आपण' या दोन्हींशी जुळते, पुढे 'नाही' लावले की नकार होतो, चेहऱ्यावर प्रश्न आणला की प्रश्न होतो, आणि आपण मुलांशी याच रूपात बोलत असल्यामुळे त्याच्या कानावर ते आधीपासून असते. दुसऱ्याने करायच्या कृतींसाठी मात्र आज्ञार्थ हवा: दे, बघ, ये, थांब, सांग. हे शब्द तो तुमच्यासाठी वापरणार आहे. घडून गेलेल्या गोष्टींसाठी सुरुवातीला 'झालं' हा एकच शब्द पुरतो. 'शाळा झालं' हे व्याकरणाने अशुद्ध असले तरी बातमी म्हणून पूर्ण आहे, आणि तुम्ही उत्तर देताना 'हो, शाळा झाली' असे म्हणालात की दुरुस्तीही आपोआप होते. विशेषणे निवडताना शक्य तिथे न बदलणारी घ्या: छान, गरम, गार, लाल, जड. 'मोठा-मोठी-मोठं' यांतले एक रूप ठेवायचे झाल्यास 'मोठं' ठेवा.

शब्द निवडण्याची माझी पद्धत साधी आहे. दोन आठवडे स्वयंपाकघरात एक लहान वही ठेवा आणि मुलाने खुणेने, नजरेने, रडून किंवा ओरडून जे सांगायचा प्रयत्न केला ते त्याच्या वयाच्या मुलाच्या भाषेत लिहा. 'टीव्हीकडे बघितले' असे न लिहिता 'हे नको, दुसरं लाव' असे लिहा. जवळपास त्याच्या वयाचे चुलत-मामे भावंड असेल तर त्याचे खेळतानाचे बोलणे अर्धा तास मोबाइलवर रेकॉर्ड करा. या दोन्हींतून जे शब्द पुन्हा पुन्हा येतील ते मुख्य पानाचे. ज्या गोष्टी तो चेहऱ्याने चोख सांगतो त्यांच्यासाठी चौकोन खर्च करू नका. तो 'हो' डोळे वर करून स्पष्ट सांगतो असे तुम्ही लिहिले आहे, तर 'हो'ला फलकावर जागा देण्याची गरज नाही.

आता क्रम. तुम्हाला सांगितलेली रंगीत रकान्यांची पद्धत फार जुनी आहे. एडिथ फिट्झगेराल्ड या स्वतः कर्णबधिर असलेल्या अमेरिकन शिक्षिकेने कर्णबधिर मुलांना वाक्यरचना शिकवण्यासाठी ती १९२६ मध्ये मांडली आणि पुढे संवादफलकांसाठी तिच्यात बदल झाले. डावीकडून उजवीकडे कोण, मग क्रिया, मग काय, मग कुठे आणि कधी, असे रकाने असतात, म्हणजे बोट डावीकडून उजवीकडे गेले की इंग्रजी वाक्य तयार होते. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो. इंग्रजी क्रमाच्या फलकावर मराठी वाक्य सांगायचे तर मुलाचा हात एकदा उजवीकडे, मग परत डावीकडे, असा हेलपाटे घालत राहतो. ज्या मुलाला हात एका जागी नेण्यासाठीच सारे शरीर पणाला लावावे लागते, त्याच्यासाठी हा फुकटचा श्रम आहे.

म्हणून तुमच्यासाठी मी सहा रकाने आणि चार ओळी असा २४ चौकोनांचा फलक सुचवते. डावीकडच्या पहिल्या रकान्यात मला, मी, तू, आपण. दुसऱ्यात हे, ते, इथे, तिथे. तिसऱ्यात काय, कुठे, कोण, का. चौथ्यात आणखी, परत, वेगळं, गरम. पाचव्यात जायचं, करायचं, बघ, थांब. सहाव्यात हवं, नको, नाही, झालं. 'मला ते परत करायचं नाही' हे वाक्य या फलकावर एकदाही मागे न वळता डावीकडून उजवीकडे सांगता येते. तुमच्या नोंदवहीत वेगळे शब्द निघाले तर हे बदला, पण बदल छापण्यापूर्वी करा. 'आपण' हा शब्द अनेक जण गाळतात. तो गाळू नका. 'आपण जायचं?' हे आमंत्रण आहे, आणि मागण्यांच्या पलीकडे जाण्याची ती पहिली पायरी आहे. तुमच्या घरात आजी-आजोबांना 'तुम्ही' म्हणण्याची रीत असेल, तर पुढच्या टप्प्यात 'तुम्ही'ही लागेल. मुलाने आजोबांना 'तू' म्हणावे असे त्यालाही वाटत नसते.

छापण्यापूर्वी बदला असे सांगण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. मुलांसाठी असे फलक करण्याच्या कामाला मला आता २२ वर्षे झाली. ही गोष्ट पहिल्या काही वर्षांतली आहे. एका आठ वर्षांच्या मुलीसाठी मी वर्षभरात तीन फलक केले. प्रत्येक वेळी शब्द वाढवले आणि प्रत्येक वेळी, माझ्या मते अधिक तर्कशुद्ध, अशी नवी रचना केली. तिसऱ्या फलकानंतर ती सतत वरच्या डाव्या कोपऱ्यावर मूठ आपटू लागली. तिथे आम्ही 'शाळा' ठेवले होते. सुट्टीच्या दिवशीही ती शाळा मागते आहे असे समजून तिची आई तिला तयार करायची आणि ती आणखी चिडायची. चार आठवड्यांनी मी जुने फलक काढून पाहिले. पहिल्या दोन्ही फलकांवर त्या कोपऱ्यात 'नको' होते. ती महिनाभर 'नको' म्हणत होती आणि आम्ही तिला शाळेचा गणवेश घालत होतो.

त्या दिवसापासून मी शब्दाची जागा हलवत नाही. अंधारात आपला हात आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणावर बरोबर जातो, कारण बटण कधी हललेले नसते. मुलाचा हातही शब्द असाच शिकतो, चित्र ओळखून नव्हे तर वाट ओळखून. 'परत'साठी कितीही चांगले चित्र काढले तरी ते 'परत' वाटत नाही. पण दुसऱ्या ओळीत, मध्याच्या जरा उजवीकडे हात नेला की झोका पुन्हा हलतो, हे दहा-पंधरा वेळा घडले म्हणजे तो चौकोन म्हणजेच 'परत' होतो. म्हणून चित्रांच्या शोधात रात्री घालवू नका. स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या सरकारने उपलब्ध करून दिलेली 'अरासाक' ही चित्रे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात आणि अव्यावसायिक वापरासाठी मोकळी आहेत. मुख्य पानासाठी ती घ्या. माणसांसाठी आणि घरातल्या जागांसाठी तुमचे स्वतःचे फोटो घ्या. चौकोनात शब्द मात्र देवनागरीत, ठळक आणि चित्राच्या वर लिहा. खाली लिहिला तर बोट दाखवताना हाताखाली झाकला जातो.

शब्द वाढवायचे असतील तेव्हा काय करायचे? दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सुरुवातीपासूनच सगळे चौकोन आखायचे आणि जे शब्द अजून वापरात आणले नाहीत त्यांच्यावर कोऱ्या कागदाचे तुकडे चिकटवून ठेवायचे, वेळ येईल तसे ते काढायचे. दुसरा म्हणजे मुख्य पान तसेच ठेवून भर मागच्या पानांत घालायची. तुमच्या मुलाच्या हाताचा विचार करता मी दुसरा मार्ग धरेन, कारण मुख्य पानावर चौकोन वाढवले तर ते लहान होतील. ए-३ आकाराच्या आडव्या कागदावर सहा रकाने आणि चार ओळी केल्या की प्रत्येक चौकोन साधारण सात सेंटिमीटरचा होतो, आणि हलत्या हातासाठी याहून बारीक घर मी सुरुवातीला देणार नाही. वर चौकोनांच्या मापाची छिद्रे पाडलेला जाड ॲक्रिलिकचा पत्रा बसवून घ्या. नंबर प्लेट आणि नावाच्या पाट्या करणारे लोक तो कापून देतात. त्यामुळे मुलाला हात पत्र्यावर टेकवून, सरकवत नेऊन हव्या त्या छिद्रात बोट घालता येते.

हात कुठवर पोहोचतो हे डोळ्यांनी ठरवू नका. त्याला नेहमीच्या खुर्चीत नीट बसवा, समोरच्या ट्रेवर रव्याचा पातळ थर पसरा आणि त्यात एक आवडते खेळणे वेगवेगळ्या जागी ठेवून त्याला हात न्यायला सांगा. पाच मिनिटांनी रव्यात रेघा उमटलेल्या दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या सगळ्या रेघा ट्रेच्या खालच्या उजव्या भागातच होत्या, आणि त्याचे सर्वांत महत्त्वाचे शब्द आम्ही वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवले होते. जिथे रेघा दाट असतील तिथे 'नको', 'आणखी', 'मला', 'थांब' यायला हवेत. वाक्याचा क्रम आणि हाताची सोय यांत विरोध आला तर हाताची सोय आधी बघा. रकाना तोच ठेवून ओळ बदलली तरी पुष्कळदा भागते.

मागच्या पानांचा प्रश्न आता सोपा होतो. गटांनुसार मांडणी म्हणजे फळे एकीकडे, कपडे एकीकडे, ही मोठ्या माणसाच्या आणि शाळेच्या डोक्यातली मांडणी आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना शब्दांचे ढीग करायला सांगितले तर ती बहुधा एका प्रसंगात एकत्र येणाऱ्या गोष्टी एकत्र ठेवतात: साबण, टॉवेल, पाणी, कपडे, कारण ती सगळी आंघोळीची आहेत. तुमचा मुलगा सहा वर्षांचा असला तरी त्याला शाळेतल्या गटांचा अनुभव कमी मिळाला आहे, म्हणून त्याची पाने प्रसंगांची करा: जेवण, आंघोळ आणि कपडे, शाळा, खेळ, आजीचे गाव, दवाखाना, गणपती. प्रत्येक पानावर नावांबरोबर त्या प्रसंगातली क्रियापदे आणि तक्रारीही हव्यात. आंघोळीच्या पानावर 'डोळ्यांत गेलं', जेवणाच्या पानावर 'तिखट', दवाखान्याच्या पानावर 'टोचणार का?'. 'पाणी' चार पानांवर आले तर येऊ द्या; एकच शब्द एकाच ठिकाणी असावा हा नियम कपाटाला योग्य आहे, बोलण्याला नाही. मुख्य पान पुठ्ठ्यावर पक्के ठेवा आणि प्रसंगांची पाने त्याच्या वरच्या कडेला उलटणाऱ्या पट्ट्यांसारखी लावा, म्हणजे कुठलेही पान उघडले तरी 'मला' आणि 'नको' समोरच राहतात. तो आठ-नऊ वर्षांचा झाला आणि शाळेत वर्गीकरण शिकला की गटांची पाने जरूर करा, तेव्हा ती शोधायला जलद पडतात.

आणखी एक चांगली कल्पना मी मेलबर्नच्या गेल पोर्टर या वाचोपचारतज्ज्ञ बाईंच्या पद्धतीतून घेतली आहे. त्यांच्या वह्यांत पहिला निर्णय शब्दाचा नसून हेतूचा असतो: मला काही हवे आहे, काहीतरी बिनसले आहे, मला काही सांगायचे आहे, मला विचारायचे आहे. हेतू कळला की ऐकणारा योग्य पानाकडे वळतो आणि अंदाज बांधणे कमी होते. तुमच्या फलकाच्या कडेला असे दोन-तीन लांबट चौकोन ठेवा: 'काहीतरी बिनसलंय', 'गंमत सांगायची आहे' आणि 'माझा शब्द यात नाही'. तिसरा चौकोन प्रत्येक मुलाच्या फलकावर असलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. तो दाबला गेला की मोठ्यांनी फलक बाजूला ठेवून विचारायचे: माणूस आहे का, जागा आहे का, आजचे आहे का, कालचे आहे का. शब्द सापडला की त्याच दिवशी लिहून लावायचा.

रंगांविषयी थोडक्यात. माणसे पिवळी, क्रिया हिरव्या, विशेषणे निळी, नामे नारिंगी हा प्रचलित संकेत पाळायला हरकत नाही, कारण शाळेत किंवा दुसऱ्या थेरपिस्टकडे गेल्यावर तो ओळखीचा वाटतो. पण रंग चौकोनाच्या कडेपुरता ठेवा. सबंध पार्श्वभूमी रंगवली तर लहान मुलाचे लक्ष चित्रावरून उडते, आणि सहा वर्षांच्या मुलाला 'हिरवे म्हणजे क्रियापद' हे कळण्याची गरजही नसते.

ॲपबद्दल माझे म्हणणे असे की कागदी फलक आणि ॲप यांची रचना सारखी असेल तरच दोन्ही ठेवा. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या संस्थेत तयार झालेले 'जेलो' मराठीतही चालते आणि त्यात पडद्याच्या कडांना आवड-नावड, हो-नाही, जास्त-कमी अशी बटणे कायम दिसत राहतात, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. पण त्याची मूळ मांडणी विषयांनुसार आहे. तुमच्या फलकाची रचना जशीच्या तशी उतरवता येईल, असे स्वतः चौकोन आखू देणारे ॲप तुम्हाला सोयीचे जाईल. त्यात शब्द रेकॉर्ड करताना त्याच्याच वयाच्या मुलाचा आवाज घ्या. मोठ्या बाईच्या आवाजात 'मला नको' ऐकले की आजूबाजूची मुले हसतात आणि बटण दाबणारे मूल गप्प होते. मुलगी असेल तर 'मी आलो' असे रेकॉर्ड झालेले नाही ना, हेही तपासा. मी ते एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

अक्षरे आत्ताच लावा. त्याला वाचता येत नाही म्हणून थांबू नका, बोलणाऱ्या मुलाच्या हातीही आपण लिहिता येण्यापूर्वी खडू देतोच. आपली वर्णमाला या कामासाठी जणू आखूनच ठेवली आहे. 'क' ते 'म' ही २५ अक्षरे पाच ओळी आणि पाच रकान्यांत बसतात, त्यामुळे 'कची ओळ? चची ओळ? टची ओळ?' असे आपण म्हणत जायचे आणि त्याने डोळे वर केले की त्या ओळीतली अक्षरे म्हणायची. एकेक अक्षर विचारत गेलो तर २५ पावले लागू शकतात. असे गेलो तर जास्तीत जास्त दहा पावलांत अक्षर सापडते. 'य'पासूनची अक्षरे सहाव्या-सातव्या ओळीत आणि स्वरचिन्हे वेगळ्या पट्टीत ठेवा. पहिली काही वर्षे त्याला फक्त पहिले अक्षर सांगता आले तरी 'माझा शब्द यात नाही' नंतरचे अंदाज निम्म्याहून कमी होतात.

एक पान असे आहे जे पालक पुढे ढकलतात आणि मी ढकलू देत नाही. शरीराच्या सर्व भागांची नावे, खासगी अवयवांसह, आणि त्यांच्याबरोबर 'हात लावला', 'दुखवलं', 'कोणी', 'आवडलं नाही', 'आईला सांगायचं आहे' हे शब्द. जे मूल बोलू शकत नाही त्याला अंघोळ घालायला, कपडे बदलायला, उचलायला अनेक हात लागतात. काही वाईट घडले तर ते सांगण्यासाठी शब्द त्याच्याकडे आधीपासून असले पाहिजेत. घडल्यानंतर ते पान तयार करता येत नाही. शाळेत कोणी या पानाला हरकत घेतली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी संवादपद्धतींचा, म्हणजे फलकासारख्या साधनांनी बोलण्याचा, स्पष्ट समावेश आहे, हे त्यांना दाखवा. फलक हे त्याचे बोलणे आहे आणि त्यातले कोणते शब्द काढायचे हे शाळेने ठरवायचे नसते.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते. फलक लावल्यावर पहिले सहा आठवडे त्याच्याकडून काहीही मागू नका. 'दाखव बघू, पाणी कुठे आहे' अशी परीक्षा तर अजिबात नको. तुम्हीच बोलताना बोट लावा. 'आणखी हवं?' म्हणताना 'आणखी' आणि 'हवं' दाखवा, 'अरे, गरम आहे, थांब' म्हणताना 'गरम' आणि 'थांब'. सगळे शब्द दाखवायची गरज नाही, वाक्यातला एक किंवा दोन पुरेत. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा दहा मिनिटे तोंड बंद ठेवून फक्त फलकावर बोलून पाहावे. कोणते शब्द राहून गेले आहेत ते पहिल्या तीन मिनिटांत कळते आणि हाताला शब्दांच्या जागाही पाठ होतात.

त्याच्या पहिल्या शब्दांत बहुधा 'नको' असेल आणि तो पुष्कळ वेळा येईल. दूध नको, व्यायाम नको, मोजे नको. औषधासारख्या काही गोष्टींत तुम्हाला त्याचे ऐकता येणार नाही. तिथे 'तुला नको आहे, मला कळलं, पण हे घ्यायचं आहे' असे फलकावर बोट लावून सांगा. जिथे ऐकता येईल तिथे मात्र लगेच ऐका, चमचा खाली ठेवा, मोजा काढा. दोन महिन्यांनी मला त्या नोंदवहीची आणि फलकाची छायाचित्रे पाठवा, म्हणजे प्रसंगांच्या पानांवर पुढे काय भर घालायची ते आपण मिळून ठरवू.